कॉलेजाची शिवारफेरी



मागील अंकी भाताचे बियाणे मिठाच्या पाण्यात बुडवून पोचट दाणे कसे वेगळे काढावेत ते सांगितले होते. १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ हे प्रमाण पुष्कळांनी वहीत टिपून घेतले असेल. या अंकी रोपवाटिकेचे सांगायचे ठरले होते, पण तो विषय एक आठवडा पुढे ढकलतो. जून तोंडावर आला की शेतात जशी पेरणीची घाई, तशीच घरात पदवी झालेल्या मुलामुलींच्या पुढच्या शिक्षणाची घाई असते. आणि एक गोष्ट मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. म्हैस घ्यायची तर चार बाजार हिंडणारा, तिची धार स्वतः काढून पाहणारा आमचा शेतकरी, मुलीच्या कॉलेजाला लाखो रुपये भरताना मात्र कुणाच्या तरी एका शब्दावर विसंबतो.

गेल्या माघातली गोष्ट. कामानिमित्त हिंजवडीला गेलो होतो. चौकातल्या टपरीवर चहा घेत असताना मुळशी खोऱ्यातले आमचे एक जुने ओळखीचे भातउत्पादक भेटले. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. रामराम झाला, कप हातात घेतला आणि आबांनी सरळ विचारले, "साहेब, वीस गुंठे काढू का?"

हा प्रश्न या भागात नवा नाही. हिंजवडी, माण, मारुंजी ही मुळात भाताची गावे. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून इथे औद्योगिक विकास महामंडळाचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहू लागले आणि जमिनीचा भाव एकरावरून गुंठ्यावर आला. चार गुंठे विकून गाडी, दहा गुंठे विकून बंगला, आणि मग 'गुंठामंत्री' म्हणून चारचौघांत थट्टा, हे आपण सगळ्यांनी पाहिले. म्हातोबाच्या यात्रेला बगाड ओढायला येणाऱ्या मानकऱ्यांच्या घरांतही आज भाताचे खाचर किती जणांकडे उरले असेल, हा प्रश्नच आहे. म्हणून मला वाटले, आबांनाही कुणी दलाल भेटला असावा.

पण कारण निराळे निघाले. आबांची धाकटी मुलगी बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला हिंजवडीतल्याच एका व्यवस्थापन संस्थेकडून एम.बी.ए.च्या मुलाखतीचे बोलावणे आले होते. शिवाय तिच्या मनात एम.एस्सी. करायचे होते. आणि तिसरीकडे शहरातल्या एका एजंटाने तिला परदेशाचे स्वप्न दाखवले होते, "फक्त पन्नास हजार भरा, बाकी आमच्यावर सोडा" या बोलीवर. तीन वाटा, तिन्हींचे कागद आबांच्या पिशवीत, आणि तिन्हींना लागणाऱ्या पैशाला उत्तर एकच, वीस गुंठे. मुलगी शेजारीच उभी होती. ती काही बोलत नव्हती, पण गुंठ्यांचा विषय निघाला की खाली पाहत होती.

मी आबांना म्हटले, "गुंठ्यांचे नंतर बघू. आधी पोरीला विचारू की तिला पेरायचे काय आहे."

वाचकहो, पदवीनंतरचे शिक्षण म्हटले की आपण सगळे एकाच पोत्यात भरतो. त्यात मुळातच दोन जाती आहेत. एका प्रकारात विद्यार्थी पैसे भरतो. दुसऱ्या प्रकारात, चांगला विद्यार्थी असेल तर, संस्था किंवा सरकार त्याला पैसे देते. एम.बी.ए. हा पहिला प्रकार. खासगी संस्थेत दोन वर्षांचे शुल्क आणि वसतिगृह धरले तर आकडा दहा लाखांच्या बराच वर जातो. उलट इंजिनिअर झालेला मुलगा 'गेट' परीक्षा देऊन एम.टेक.ला मान्यताप्राप्त संस्थेत गेला तर त्याला महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. कृषीच्या एम.एस्सी.ला आपल्या राज्यातील चार कृषी विद्यापीठांच्या शासकीय महाविद्यालयांत शुल्क खासगी एम.बी.ए.च्या मानाने फारच थोडे असते, आणि भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या अखिल भारतीय परीक्षेत वरचा क्रमांक आला तर दिल्लीच्या पुसा संस्थेपासून पंतनगरपर्यंत कुठेही शिष्यवृत्तीसह शिकता येते. पैसे देणारे शिक्षण वाईट आणि पैसे मिळणारे चांगले, असे मी म्हणत नाही. पण एकाला कर्ज लागते आणि दुसऱ्याला अभ्यास लागतो, हे घरातल्या सगळ्यांना आधी ठाऊक असावे.

आणि त्याही आधीचा प्रश्न, पुढे करायचे काय? राज्यसेवेतून कृषी अधिकारी व्हायचे असेल तर लोकसेवा आयोगाच्या कृषी सेवा परीक्षेला बी.एस्सी. कृषी पुरते. त्यासाठी एम.एस्सी. करणे आवश्यक नाही. कितीतरी मुले परीक्षेच्या तयारीला वसतिगृह हवे म्हणून एम.एस्सी.ला नाव घालतात आणि दोन वर्षांत ना प्रबंध धड होतो ना परीक्षा. शास्त्रज्ञ किंवा प्राध्यापक व्हायचे असेल तर मात्र एम.एस्सी., पुढे 'नेट' आणि पीएच.डी. हीच वाट. बियाणे कंपनी, खतांचा व्यापार, शेतकरी उत्पादक कंपनी, बँक यांत जायचे असेल तर कृषी व्यवसाय व्यवस्थापन हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. त्यासाठी पुण्यातच वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आहे, हैदराबादला 'मॅनेज' आहे, आणंदला डॉ. कुरियन यांनी १९७९ साली स्थापन केलेली 'इर्मा' आहे. आबांच्या मुलीला यांतले एकही नाव ठाऊक नव्हते. हिंजवडीच्या संस्थेची पाटी मात्र रोज बसमधून दिसत होती, म्हणून तिथे अर्ज केला. दिसते ते पेरायचे, ही सवय आपल्याकडे सोयाबीनमध्येही आहे. असो.

आता कागदपत्रांचे. हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे, तेव्हा जरा थांबतो.

१९९३ साली बी.एस्सी. झाल्यावर मला राज्याबाहेरच्या एका संस्थेत एम.एस्सी.च्या जागेसाठी बोलावणे आले. वडिलांनी एक कालवड विकून गाडीभाड्याची आणि पहिल्या शुल्काची सोय केली. दुसऱ्या विद्यापीठात जायचे तर स्थलांतर प्रमाणपत्र लागते, हे मला ठाऊक होते. ज्या कार्यालयातून ते घ्यायचे तिथल्या लिपिकाने सांगितले, "जा तुम्ही, मागाहून पोस्टाने पाठवू." मीही तेवढ्यावर गेलो. तिथे मुलाखत चांगली झाली, यादीत नाव लागले, आणि कागद तपासणाऱ्या बाईंनी शांतपणे सांगितले की संध्याकाळी पाचपर्यंत प्रमाणपत्र दाखवा, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाईल. ती गेली. मी दोन दिवसांचा प्रवास करून घरी आलो तेव्हा वडील गोठ्यात होते. त्यांनी काही विचारले नाही, फक्त "जेवून घे" म्हणाले. लिपिकावर मी पुष्कळ दिवस राग धरला, पण खरे सांगायचे तर चूक माझीही होती. हातात कागद नसताना मी गाडीत बसलो. त्यानंतर मी खात्याच्या नोकरीला लागलो आणि आजही माझ्या नावापुढे बी.एस्सी. कृषी एवढेच आहे.

तेव्हा, मुलगी शेवटच्या वर्षात असतानाच हिवाळ्यात एका पिशवीत सगळे कागद गोळा करा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, त्याची पडताळणी आणि नॉन क्रीमीलेअर. यांपैकी पडताळणीला सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि नॉन क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते हे पुष्कळांना एप्रिलमध्ये कळते. दुसरी अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरे, आणि वडिलांचे नाव सातबाऱ्यावर तिसऱ्याच तऱ्हेने. इंग्रजी स्पेलिंगमधले एक अक्षर फिरले तरी संगणक ते निराळे माणूस धरतो. मे महिन्यात सेतूसमोर रांगेत उभे राहण्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीत हे करून घ्यावे. आणखी एक, प्रवेश झाल्यावर मूळ कागद संस्थेकडे ठेवून देऊ नका. तपासून लगेच परत द्यावेत, मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली स्पष्ट बजावले आहे. प्रवेश रद्द केला तर शुल्क किती परत मिळते, याचेही आयोगाचे नियम आहेत. ते पैसे भरण्याआधी वाचावेत, नंतर नव्हे.

अर्जातला दुसरा कागद म्हणजे 'स्टेटमेंट ऑफ पर्पज'. आपण त्याला उद्देशपत्र म्हणू. मला काय शिकायचे आहे, का शिकायचे आहे, आणि त्यासाठी मी आजवर काय केले, हे पान-दीड पानात लिहायचे असते. आबांच्या मुलीने लिहिलेले मी वाचले. पहिलेच वाक्य असे की लहानपणापासून मला व्यवस्थापनाची आवड आहे. मी तिला विचारले, "खरे का गं?" ती हसली. म्हणाली, "नाही काका, मैत्रिणीच्या पत्रावरून उतरवलं." ज्या मुलीने ग्रामीण कृषी कार्यानुभवात गावात राहून शेतकऱ्यांच्या घरोघर फिरून नोंदी केल्या, जिच्या घरी भाताचा चुलत्यांशी सामाईक खर्च ती स्वतः वहीत मांडते, तिने आवडीचे खोटे वाक्य कशाला लिहायचे? त्या वहीविषयी लिही म्हटले. गेल्या हंगामात मजुरी किती वाढली, तांदूळ थेट ग्राहकाला विकला तर किलोमागे किती जास्त मिळाले, व्यापाऱ्याने उधारी किती दिवस थकवली. यात व्यवस्थापन नाही तर काय आहे? तिने ते पत्र तीनदा लिहिले. तिसरे वाचताना मला माझ्याच तालुक्याची नवी माहिती मिळाली.

शिफारसपत्राचेही असेच. आबांनी अभिमानाने एक पत्र पिशवीतून काढले. एका पुढाऱ्याचे होते, लेटरहेडवर, "सदर कुमारी अत्यंत होतकरू असून" वगैरे. ते परत पिशवीत ठेवायला सांगितले. शिफारसपत्र तिला शिकवलेल्या शिक्षकाचे हवे. ज्याने तिला प्रयोगशाळेत किंवा शेतात काम करताना पाहिले, आणि जो तिची एखादी चूक आणि ती तिने कशी सुधारली हेही लिहू शकेल, अशा शिक्षकाचे. त्यांना निदान एक महिना आधी भेटावे. उद्या शेवटची तारीख आहे म्हणून आज सही मागितली तर तेही उतरवलेलेच मिळते.

राज्यातल्या कृषी एम.एस्सी.च्या प्रवेशाला मुलाखत नसते. पुण्याच्या महाराष्ट्र कृषि शिक्षण व संशोधन परिषदेच्या देखरेखीखाली सामाईक प्रवेश परीक्षा होते आणि गुणवत्तेने जागा मिळतात. तिथे कसोटी लागते ती पसंतीक्रम भरताना. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चार विद्यापीठे, त्यांची महाविद्यालये, आणि त्यांत कृषिविद्या, मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, रोगशास्त्र, कृषी अर्थशास्त्र, विस्तार शिक्षण असे विषय. पुष्कळ मुले गाव जवळचे म्हणून कॉलेज आधी धरतात आणि मिळेल तो विषय घेतात. माझे मत उलटे आहे. दोन वर्षे ज्या विषयावर प्रबंध लिहायचा तो विषय आधी, गाव नंतर. किडीला हात लावायला किळस येणाऱ्या मुलाने केवळ पुणे मिळते म्हणून कीटकशास्त्र घेऊ नये.

एम.बी.ए.ला मात्र मुलाखत असते, गटचर्चाही असते. हिंजवडीतच सिम्बायोसिसच्या व्यवस्थापन संस्था आहेत. त्यांची 'स्नॅप' परीक्षा डिसेंबराच्या सुमारास होते आणि मग निवडक मुलांना मुलाखतीला बोलावतात. (सिम्बायोसिस १९७१ साली सुरू करणारे डॉ. शां. ब. मुजुमदार हे फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. झाडाझुडपांच्या माणसाने मांडलेला हा पसारा, हे शेतकऱ्यांच्या मुलांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.)

त्या दिवशी टपरीच्या बाकावर बसूनच आम्ही तालीम केली. मी मुलाखत घेणारा झालो. विचारले, "घरी शेती आहे. कोणता भात लावता?"

"इंद्रायणी."

"का?"

तिने पुस्तकातले उत्तर दिले, सुवासिक, मध्यम कालावधी, भरघोस उत्पादन. "कुठे तयार झाला?" गप्प. आबा मध्येच म्हणाले, "वडगावला." बरोबर. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आय.आर. ८ यांच्या संकरातून तो काढला आणि १९८७ साली तो प्रसारित झाला. तिच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर जन्मलेले वाण, तिने आयुष्यभर खाल्लेला भात, आणि तिला ठाऊक नव्हते.

मग विचारले, "चारसूत्री लागवड म्हणजे काय?" पुन्हा पुस्तक सुरू. भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्प, नियंत्रित लावणी, युरिया-डीएपी ब्रिकेट. चारही सूत्रे ओळीने पाठ. मी म्हटले, "गोळी कुठे खोचतात?" आता मात्र तिचे हात बोलू लागले. बाकावर चार चहाचे कप चौकोनात मांडले. "काका, या चार चुडांच्या मध्ये एक गोळी. पाऊण तास वाकलं की कंबर धरते. म्हणून आमच्यात आई पुढून खोचते, मी मागून, आणि अर्ध्या एकराला आम्हाला इतकी माणसं लागतात. दुसऱ्या वर्षी आम्ही दोरीला खुणा केल्या, तेव्हा एक मजूर वाचला." मी म्हटले, "झाली तुझी मुलाखत. हे असंच सांगायचं." मुलाखत घेणाऱ्याकडे पुस्तक असतेच. त्याच्याकडे नसते ते तुमची कंबर आणि ती खुणांची दोरी.

इंग्रजीची भीती सगळ्यांना असते. लहान वाक्ये बोलावीत, सावकाश बोलावे. शब्द अडला तर "मी हिंदीत सांगू का" असे नम्रपणे विचारण्यात कमीपणा नाही. एखादी गोष्ट माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावे. अंदाजाने ठोकून दिलेले उत्तर जाणत्या माणसाला दुसऱ्याच वाक्याला कळते. घरचे एकूण क्षेत्र, एकरी उत्पन्न, खर्च, गावचे पाऊसमान, धरण, जवळची बाजारपेठ हे आकडे तोंडी असावेत. शेतकऱ्याची मुलगी म्हणून ओळख करून दिली की पुढचे प्रश्न त्यावरच येणार.

२०२० नंतर पुष्कळ मुलाखती फोनच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर होऊ लागल्या आहेत. डोंगराकडेच्या गावात रेंज जाते-येते, तेव्हा त्या दिवशी नातेवाइकांकडे शहरात जाऊन बसावे. उजेड तोंडावर असावा, पाठीमागे नको. आणि कोंबडा असेल तर त्याला डालग्याखाली टाकावा. हसू नका, एका मुलाच्या मुलाखतीत तो तीनदा आरवला. मुलाने सांगितले, "सर, आमचा कुक्कुटपालनाचा जोडधंदा आहे." सगळे हसले आणि त्याचे काम झाले. पण दर वेळी असे होईलच असे नाही.

आता खरी गोष्ट, कॉलेज पाहण्याची. आपल्याला शिवारफेरी काय असते हे सांगायला नको. अकोल्याच्या विद्यापीठात शिवारफेरीला शेतकरी लोटतात. वाण पाहतात, ओंबी चोळून दाणा बघतात, आणि गाईड सांगतो त्यापेक्षा तिथे खुरपत असलेल्या बाईला जास्त विचारतात. कॉलेजाचीही तशीच शिवारफेरी करावी. चकचकीत पुस्तिकेतला फोटो म्हणजे बियाण्याच्या पिशवीवरचे कणीस. तसे शेतात क्वचितच येते.

माझ्या आग्रहावरून आबा आणि मुलगी मुलाखतीच्या दिवशी दोन तास आधी गेले. फाटकातून आत जाण्यापूर्वी आबा उभे राहिले. मागाहून मला म्हणाले, "साहेब, याच भागात आमच्या मामांचं खाचर होतं. ओढा कुठं गेला तेच समजंना." तेवढे बोलून ते आत गेले आणि मी पढवलेली कामे त्यांनी चोख केली. मेसमध्ये जेवणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी मुलगी बोलली. त्यांना काय विचारायचे हे ठरवून दिले होते. सर्वांत मोठा पगार किती हे विचारायचे नाही, कारण तो एकाचाच असतो आणि जाहिरातीत आधीच छापलेला असतो. विचारायचे ते हे की, वर्गातल्या मधल्या मुलाला किती मिळाला, कोणत्या कामासाठी, आणि किती जण कर्ज काढून आले. कृषी पदवीधर इथे किती, आणि त्यांना कंपन्या कोणत्या कामाला घेतात. आबांनी इकडे रखवालदाराशी गप्पा मारल्या. तो आमच्याच पट्ट्यातला निघाला. मुले रात्री किती वाजता येतात, मुलींच्या वसतिगृहाला बाई चोवीस तास असते का, पाणी टँकरचे की नळाचे, हे सगळे अर्ध्या बिडीत कळले.

कृषी महाविद्यालय पाहायला गेलात तर प्रयोगाच्या प्लॉटवर जा. पाट्या ताज्या आहेत का, तण काढलेले आहे का, नोंदवही त्या आठवड्यापर्यंत भरलेली आहे का. प्रयोगशाळेत यंत्र आहे हे पुरेसे नाही, त्यावरची धूळ पाहा. एम.एस्सी.त मार्गदर्शक हाच सगळा खेळ असतो. त्यांच्या हाताखाली किती विद्यार्थी आहेत, मागच्या मुलांचे प्रबंध वेळेवर झाले का, हे त्याच मुलांना एकटे गाठून विचारावे. ते विचारपूस करून सांगतील, पण त्यांच्या मार्गदर्शकांसमोर सांगणार नाहीत.

शेवटी पैशाचे, म्हणजे त्या वीस गुंठ्यांचे. बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदारावर काम होते, त्यापुढे तारण मागतात. आणि इथे शेतकरी अडतो. कर्ज थकल्यास बँकांना ज्या कायद्याने तारण जप्त करता येते, तो शेतजमिनीला लागू नाही. म्हणून बहुतेक बँका सातबारा तारण घ्यायला नाखूष असतात. बँक नाही म्हणते आणि मग माणूस सावकाराकडे किंवा दलालाकडे वळतो. त्याआधी आणखी दोन दारे ठोठवावीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदार यांशिवाय कर्ज, आणि घरचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात व्याजात ३ टक्के सवलत. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे बँकेत जाण्यापूर्वी पाहावे. दुसरे दार 'महाडीबीटी'चे. शिक्षण शुल्काची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आणि वसतिगृह निर्वाह भत्त्याची डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची योजना. पंजाबराव स्वतः अमरावतीकडच्या पापळचे, शेतकऱ्याघरचे. ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन आले आणि पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. या योजना कोणत्या अभ्यासक्रमाला आणि कोणत्या प्रवेशाला लागू होतात याच्या अटी असतात. खासगी अभिमत विद्यापीठात त्या लागू होतीलच असे गृहीत धरू नका. कर्ज घेतलेच तर, शिक्षण चालू असताना हप्ता नसला तरी व्याज चालूच असते, हे विसरू नये. जमल्यास तेवढे व्याज दर महिना भरावे.

परदेशाच्या एजंटाविषयी फार लिहीत नाही. पुष्कळांना परदेशी कॉलेजाकडून दलाली मिळते, तेव्हा ते जिथे दलाली जास्त तिथला रस्ता दाखवतात. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीचे शुल्क नाही हे खरे, पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे सुमारे १२ हजार युरो खात्यात अडकवून दाखवावे लागतात हे ते दुसऱ्या भेटीत सांगतात. अमेरिकेत संशोधनाच्या पदवीला सहायकवृत्ती मिळू शकते, पण ती प्राध्यापकाला स्वतः पत्र लिहून, आपले काम दाखवून. आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत शेतकी शिकले आणि पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात मक्यावर काम करते झाले. तिथे त्यांना कुणी पन्नास हजारांत पोहोचवले नव्हते. आबांच्या मुलीने तो कागद स्वतःहून फाडला.

मुलाखत बरी झाली. नाव प्रतीक्षायादीत आले आणि चैत्रात निवड झाल्याचा निरोपही आला. पहिला हप्ता दहा दिवसांत भरायचा होता. घरात चार रात्री बैठका झाल्या. चुलते म्हणाले विका, आई म्हणाली विकू नका, आबा काहीच बोलेनात. शेवटी मुलीनेच सांगितले की यंदा एम.एस्सी.ची परीक्षा देते, कृषी अर्थशास्त्र पहिली पसंती. नाही मिळाले तर पुढच्या वर्षी आणंद आणि हैदराबादची तयारी करून पुन्हा व्यवस्थापनाकडे पाहते. एक वर्ष वाया जाईल, असे गावात बोलणारे बोलत आहेत. कदाचित जाईलही. निकाल अजून लागायचा आहे.

परवा त्यांच्या गावी गेलो होतो. त्या वीस गुंठ्यांच्या कोपऱ्यात आबांनी यंदाच्या रोपासाठी जागा धरली आहे. मी गेली बारा वर्षे गादीवाफा करा म्हणून सांगतो आहे, आणि त्यांनी यंदाही शेण, पालापाचोळा पसरून राब भाजलाच होता. मुलगी माझ्या बाजूने भांडत होती. तेव्हा पुढील अंकी राब की गादीवाफा, याविषयी.